लेनची काच आणि चमचाभर साखर

१

पेटी उघडली तर आत काच नव्हती, मुंग्या होत्या.

"काल दुपारी चहाच्या आधी मी स्वतः बघितली होती," ग्रॅहम पाइक म्हणाला. "आज सकाळी ही अशी. शोकेसला कुलूप, पेटीचं झाकण बंद, आणि आत काही नाही."

मेलबर्नजवळच्या वेरिबी गावाबाहेर एका जुन्या धावपट्टीच्या कडेला पत्र्याचं हँगर आहे. त्यात हौशी म्हाताऱ्यांनी मिळून विमानांचं छोटं म्युझियम काढलंय, आणि ग्रॅहम त्याचा चेअरमन. ऑगस्टचा वारा पत्र्याच्या फटींतून आत येत होता आणि माझे गुडघे बोलत होते.

मी वीणा कर्णिक. इन्शुरन्स कंपनीसाठी चोऱ्यामाऱ्यांची चौकशी करते. इतकी वर्षं केलीय की आता चोरी म्हटलं की मला धक्का बसत नाही, जांभई येते. ख्रिसमसला रिटायर होतेय. तोवर ढकलायचं, दुसरं काय.

"काच म्हणजे नक्की काय?" मी विचारलं.

ग्रॅहमने भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट दाखवलं. अंधाऱ्या आकाशात एक विमान आणि त्याच्या मागे पिवळ्या उजेडाचे गोळे. खाली मोठ्या अक्षरांत, 'त्यांच्या मागे काय लागलं होतं?'

महायुद्धात बाँबर विमानांतल्या कितीतरी लोकांनी असे दिवे पाहिले होते. रात्री विमानाच्या मागे मागे येणारे, वळलं की वळणारे, गोळी मारली तरी न विझणारे. कुणी म्हणालं शत्रूचं नवं हत्यार, कुणी म्हणालं परग्रहावरून आलेत. लेन व्हिटकोम हा त्यातलाच एक. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाच्या डार्विन शहराहून उडणाऱ्या बाँबरच्या शेपटाशी एक घुमटी असायची, तीत मागे तोंड करून, बंदूक धरून तो बसायचा. त्या घुमटीची एक छोटी खिडकी त्याने युद्धानंतर आठवण म्हणून घरी आणली. काच म्हणायची, खरं तर जाड पारदर्शक प्लास्टिक. त्याच्या मुलीने ती म्युझियमला दान केली. शनिवारी प्रदर्शनाचं उद्घाटन होतं आणि ती काच म्हणजे त्यातली मुख्य वस्तू.

"शुक्रवारपर्यंत मिळाली नाही तर मी पोलिसांकडे जाणार," ग्रॅहम म्हणाला. "आणि किल्ली दत्ताकडे असते, हे मला सांगावंच लागेल."

मी पेटीत वाकून बघितलं. निळ्या मखमलीवर, कोपऱ्यात, पांढऱ्या दाण्यांचा लहानसा ढीग होता. मुंग्यांची रांग तिथेच चालली होती.

"दमटपणा शोषायला दत्ताने काहीतरी ठेवलं असेल," ग्रॅहम म्हणाला.

पुरावा जिभेवर ठेवू नये असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. मी ठेवला. साखर होती.

माझी जांभई गेली. आमच्या मराठी घरांत शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत जात नाही. काही नसलं तर चमचाभर साखर तरी घालायचीच. आईने हातावर चापट मारून शिकवलेलं असतं, ते हातातून जात नाही. कुणीतरी लेनची काच उचलली होती, आणि पेटी रिकामी ठेवून जायला त्याचं मन झालं नव्हतं.

ग्रॅहमला मी काही बोलले नाही. चोर आमच्यातला होता.

२

किल्लीचं प्रकरण दोन मिनिटांत उलगडलं. दत्तप्रसाद म्हणजे दत्ताकाका, पुण्याचे रिटायर्ड इंजिनिअर, मुलाकडे आलेत आणि इथल्या विमानांत जीव रमवतात. ती पेटी त्यांनीच बनवली.

"किल्ली टी-रूमच्या दारामागे खिळ्याला असते," ते कसनुसे होऊन म्हणाले. "सगळ्यांना माहितीय गं. मी विसरतो म्हणून तिथं लावतो."

"आणि काल चहाला कोण कोण होतं?"

"मी, ग्रॅहम, लेनची मुलगी मॉरीन, आणि ती युनिव्हर्सिटीतली फिजिक्सवाली, आपली मयूरा."

म्हणजे चौघं. त्यातली दोघं मराठी. ग्रॅहमने स्वतःचंच प्रदर्शन बुडवायचं कारण नव्हतं, आणि चहात साखर किती हेसुद्धा तो दुसऱ्याला विचारतो.

चौकशीला जाताना मी डबा घेऊन जाते. आमच्या ऑफिसात यावरून माझी चेष्टा होते. पण माणूस खाताना जरा कमी खोटं बोलतो, हा माझा अनुभव आहे. त्या आठवड्यात शंकरपाळे केले होते. मी तीन डबे भरले. ग्रॅहमला दिला नाही, तो ग्लूटेन खात नाही. एक डबा लगेच दत्ताकाकांच्या हातात दिला.

"हे कशाबद्दल?" त्यांनी संशयाने विचारलं.

"सहज," मी म्हणाले. त्यांना ते पटलं नाही, पण शंकरपाळे त्यांनी घेतले.

३

मॉरीनचं घर स्टेशनच्या मागच्या गल्लीत होतं. सत्तरी ओलांडलेली, उंच, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. नर्सिंग होममधून नुकतीच आली होती. मागच्या दाराशी कढीपत्त्याची कुंडी दिसली आणि मला आपलं बरं वाटलं.

"शेजारणीने जाताना दिली," ती म्हणाली. "बस. चहा टाकते."

मी डबा पुढे केला. तिने शंकरपाळा तोंडात टाकला आणि एकदम रडायला लागली.

"बाबांचे थोडेच दिवस राहिलेत," ती म्हणाली. "एकशेएक वर्षांचा माणूस, सुखाने जायला हवा ना? तो जात नाहीये. त्याचे अंगठे झोपेतसुद्धा हलतात. बंदुकीचे घोडे अंगठ्यांनी दाबायचे असत, तसे."

"दिव्यांमुळे?"

"आम्हाला तो आयुष्यभर दिव्यांची गोष्ट सांगत आला. पबमध्ये लोक हसायचे. आई चिडायची. पण पुढचं त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, ते मागच्या आठवड्यात तापात बोलला." तिने नाक पुसलं. "त्याने त्या दिव्यावर गोळ्या झाडल्या होत्या. आणि त्याच रात्री त्याच्या मित्राचं, हॅरीचं विमान परत आलं नाही. बाबा म्हणतो, हॅरीच्या इंजिनाला आग लागली असेल, तो आमच्या मागे आला असेल, तो उजेड म्हणजे तीच आग. ऐंशी वर्षं त्याला वाटतंय की हॅरीला त्याने मारलं."

बाहेर कचऱ्याची गाडी थांबून पुढे गेली.

"तो सारखं म्हणतो, माझी काच आणा. मी ग्रॅहमकडे एका दुपारपुरती मागितली होती. तो म्हणाला, दान केलेली वस्तू आहे, शोकेस उघडलं की इन्शुरन्स जातो."

म्हणजे आमच्या कंपनीचाच नियम. मी खाली बघितलं.

"कुणी नेली असेल असं वाटतं?" मी विचारलं.

"ज्याने नेली असेल तो परत आणेल," मॉरीन म्हणाली. "मला तरी तसं वाटतं."

चौघांत चोरीचं सगळ्यात मोठं कारण तिच्याकडे होतं. पण कारण असून काय उपयोग, साखर कुठून आणायची? मी तिचं नाव मनातल्या मनात खोडलं. निघताना तिने माझा डबा धुऊन, पुसून, पिशवीत घालून दिला. पिशवी जड लागली, पण माझं लक्ष त्या अंगठ्यांकडे होतं. घरी येऊन ती तशीच स्वयंपाकघरात ठेवली आणि आडवी झाले.

४

मयूरा तिसऱ्या वर्षी आईबापांबरोबर मेलबर्नला आली. मराठी कळतं सगळं, पण बोलताना निम्मं इंग्लिश. तिच्या युनीतल्या खोलीत कागदांचा आणि कॉफीच्या कपांचा ढीग.

"वीणामावशी, तू मला सस्पेक्ट करतेयस? Seriously?"

"सगळ्यांना करते. पगार त्याचाच घेते. काचेत काय आहे ते सांग."

तिने कप सरकवून जागा केली. "तू गाडी चुकीच्या फडक्याने पुसलीस की उन्हात गोल गोल रेषा दिसतात ना? तसंच. नॉर्थला लाल धूळ खूप. हे लोक रोज खिडकी घासून पुसायचे, आणि फडक्यातच धूळ. बारीक गोल ओरखडे पडतात, दिवसा दिसत पण नाहीत. पण घुमटीत बंदुकीच्या निशाण्याचा एक छोटा पिवळा दिवा असायचा. अंधारात त्याचा उजेड बाजूने त्या ओरखड्यांवर पडला की बाहेर गोळा तरंगतोय असं वाटतं. डोकं हललं की तो पण हलतो. विमान वळलं की तो पण वळणार, because it's in the window."

"म्हणजे सगळेच दिवे असे?"

"सगळ्यांचं मी नाही सांगत. या एका काचेचं सांगते. मार्चमध्ये म्युझियममध्येच टेस्ट केली, then I told Graham. तो म्हणाला, उद्घाटनात यातलं एक अक्षर बोलायचं नाही. मिस्ट्रीची तिकिटं विकली जातात, ओरखड्यांची नाही."

मी तिला लेनचं सांगितलं. हॅरीबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं.

"पण मागे आग नव्हतीच ना, मावशी! काही नव्हतंच मागे," ती म्हणाली. "काच असेल तर मी त्यांना दहा मिनिटांत दाखवते. पण नुसता टॉर्च मारून दिसत नाही, अँगल लागतो, लहान दिवा लागतो. आणि काच नसेल तर मी बोलणार, आणि ते मान हलवणार. त्याला काय अर्थ आहे?"

मग तिने माझे शंकरपाळे एका प्लेटमध्ये ओतले आणि रिकामा डबा माझ्या हातात दिला. "Here you go. Thanks, मावशी."

मी डब्याकडे बघितलं. आत तुपाचा हात फिरलेला, बाकी काही नाही. हिच्या आईने चापट मारायची राहून गेली होती.

चौघांतून तीन गेले. उरले दत्ताकाका, आणि उद्या शुक्रवार.

५

"तू मला चोर म्हणतेस?" दत्ताकाका स्टुलावरून उठले. हातातला पाना त्यांनी टेबलावर ठेवला, आपटला नाही, आणि त्यानेच मला जास्त लागलं.

"काका, पेटीत साखर होती. आपल्याशिवाय असं कोण करतं? तुम्हाला लेनची दया आली असेल. मला सांगा, मी सांभाळून घेते."

"साखर!" ते म्हणाले. "अगं, ती मखमल मी चिकटवलीय. दोन वेळा खराब झाली, तिसऱ्यांदा नीट बसली. या हँगरमध्ये मी कुणाला बिस्किट आणू देत नाही. ग्रॅहमला मी सँडविचसकट बाहेर काढलाय, विचार त्याला! मुंग्या वायरींत शिरतात, उंदीर येतात. आणि मी माझ्या हाताने त्या पेटीत साखर ओतीन? मला ठेवायचंच असतं तर सुपारी ठेवली असती, नाणं ठेवलं असतं."

बरोबर होतं त्यांचं. साखर ठेवणाऱ्याला रीत माहीत होती, पण हँगरची शिस्त माहीत नव्हती. टी-रूममध्ये जे हाताला लागलं ते उचललं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"जा तू," ते म्हणाले. पाठ फिरवून पुन्हा कामाला लागले. माझा डबा त्यांच्या कपाटावर बंदच होता.

घरी आले. नवरा शिरीष कामावर होता. चहात लिंबू पिळावं म्हणून बघितलं तर घरात लिंबू नाही. वैतागून मी पिशव्या उचकल्या आणि मॉरीनने दिलेली पिशवी हाताला लागली. डबा उघडला.

आत लिंबं होती. पिवळीधमक, देठासकट, झाकण जेमतेम बसेल इतकी ठासून भरलेली.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. स्वतःचाच राग आला. ही रीत फक्त आमचीच, आमच्याच हातांत असते, दुसऱ्या कुणाला ती लागूच शकत नाही, असं मी धरून चालले होते. कढीपत्त्याची कुंडी डोळ्यांसमोर होती, तरी दिसली नाही. गाडीची किल्ली उचलली आणि निघाले.

६

मॉरीनने दार उघडलं, माझ्या हातातला डबा बघितला आणि बाजूला झाली.

"लिंबांनी घात केला," मी म्हणाले.

"चारुता," ती खाली बसत म्हणाली. "माझी शेजारीण. कुंपणावरून आमचे डबे कितीतरी वर्षं जात-येत होते. सुरुवातीला मी रिकामा द्यायचे, तर ती इतकी कावरीबावरी व्हायची! मग मी शिकले. ती सिडनीकडे, टूनगॅबीला राहायला गेली, पण सवय राहिली. त्या दिवशी पेटी रिकामी बघवेना. टी-रूममधली साखरेची पुडी खिशात होती. मी काच चोरली नाही गं, वीणा. मी ती शेजारून आणली."

"मग बाबांना दाखवली का नाहीस?"

तिने कपाट उघडलं. टॉवेलात गुंडाळलेली काच. "दाखवली. चहाच्या वेळी मयूरा ओरखड्यांचं बोलली होती, म्हणून टॉर्च मारला, फोनचा दिवा मारला. काही दिसलं नाही. मयूराला विचारायची हिंमत झाली नाही, चोरीच्या मालाला हात लावला म्हणून तिची नोकरी गेली असती तर? बाबा काच छातीशी धरून बसला आणि मला म्हणाला, बघ, इथं काहीच नाही. म्हणजे तो हॅरीच होता." तिने काच पुन्हा टॉवेलात गुंडाळली. "मी त्याला आणखी वाईट करून ठेवलंय."

कंपनीच्या नियमाप्रमाणे मी तिथून ग्रॅहमला फोन करायला हवा होता. मी मयूराला केला.

"दिवा घेऊन निघ," मी म्हणाले. "काच सापडलीय. कुठे ते विचारू नकोस."

"No worries," ती म्हणाली, आणि खरंच काही विचारलं नाही.

७

नर्सिंग होमच्या खोलीत दुपारचं ऊन होतं. आम्ही पडदे ओढले, वर ब्लँकेट अडकवलं, दाराच्या फटीत टॉवेल घातला. लेन उशांना टेकून होता. इतका छोटा माणूस मी पाहिला नव्हता. चादरीवर त्याचे अंगठे हलत होते.

मयूराने काच त्याच्या तोंडासमोर धरली आणि लहानसा पिवळा दिवा खालच्या बाजूला धरून हळूहळू फिरवला. काही नाही. आणखी थोडा फिरवला.

अंधारात उजेडाचा गोळा तरंगायला लागला. काचेच्या बाहेर, लांब कुठेतरी असावा असा. मी चक्क मागे सरकले.

लेनचे डोळे मोठे झाले. त्याने मान डावीकडे केली, गोळा हलला. उजवीकडे केली, पुन्हा हलला. त्याचे दोन्ही हात वर आले, अंगठे पुढे.

"डॅड, नको," मॉरीन म्हणाली. तिने त्याचा हात धरून काचेवर टेकवला. "हात लाव. तो बाहेर नाही. इथं आहे."

त्याच्या बोटाखाली उजेड गेला. बोट उचललं, परत आला. असं त्याने कितीदा केलं कोण जाणे.

"मागे कुणी नव्हतं, लेन," मयूरा त्याच्या कानाशी जाऊन म्हणाली. "आग नव्हती. हॅरीचं काय झालं ते मला माहीत नाही, कुणालाच नाही. पण तुम्ही तुमच्या स्वतःच्या खिडकीवर गोळ्या झाडल्यात."

"मीच घासायचो ती," लेन म्हणाला. आवाज कागदासारखा. "रोज सकाळी. सगळ्यांत स्वच्छ खिडकी माझी." मग तो हसला. आधी मला वाटलं ठसका लागला. मॉरीन त्याच्या खांद्यात तोंड खुपसून रडत होती आणि तो हसत होता, गालांवरून पाणी वाहत होतं. मलाही रडू आलं, उगाच कशाला खोटं बोलू.

दिवा बंद केला तेव्हा त्याचे हात चादरीवर होते. अंगठे हलत नव्हते.

८

रिपोर्टमध्ये मी लिहिलं की वस्तू देणगीदाराच्या घरी सापडली, नुकसान नाही. ग्रॅहमने फणफण केली. मी त्याला म्हणाले, पोलिसांना बोलावलंस तर मरणाऱ्या माणसाला त्याची काच का दिली नाहीस हेही पेपरात येईल. त्याने फोन परत खिशात टाकला. शनिवारी काचेपाशी एक दिवा लावला होता आणि मयूरा लोकांना गोळा दाखवत होती. रांग दारापर्यंत गेली होती. ओरखड्यांचीही तिकिटं विकली गेली. मॉरीन आली नव्हती. लेन आदल्या रात्री झोपेत गेला होता.

दत्ताकाका माझ्याशी दोनच वाक्यं बोलले. डबा अजून त्यांच्याकडेच आहे. राग गेला की भरून येईल.

मी घरी येऊन पिठलं टाकलं, भात लावला. ज्या घरात माणूस गेलं त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारच्यांनी पिठलं-भात नेऊन द्यायचा असतो. डबा तोच घेतला, लिंबांचा.

मॉरीनने झाकण उघडलं आणि वास घेतला.

"माझा नवरा गेला तेव्हा चारुताने हेच आणलं होतं," ती म्हणाली. "मी तिला विचारलं होतं की परत देताना यात काय घालू."

"मग?"

"ती म्हणाली, या वेळी काही नाही."

"बरोबर म्हणाली," मी म्हणाले. "या वेळी डबा रिकामाच दे गं."

तिने मान हलवली. मी दोन ताटल्या काढल्या, लिंबाची फोड केली, आणि आम्ही जेवायला बसलो.